दोन भाषा आणि लक्ष : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात घरात दोन भाषा बोलणाऱ्या मुलांविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांतून निवडलेल्या प्रश्नांची उत्तरे इथे देत आहोत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : दोन भाषा येणाऱ्यांचा मेंदू जास्त तल्लख असतो, एकाग्रता वाढते, असे व्हॉट्सॲपवर सतत वाचायला मिळते. यात खरे किती? – एक वाचक, सातारा

दोन भाषा सांभाळताना मेंदूला जास्तीचे काम पडते, हे खरे आहे. त्या कामामुळे एकूण एकाग्रताच वाढते, हा पुढचा दावा मात्र आज टिकत नाही.

आधी ते जास्तीचे काम काय ते पाहू. दोन भाषा येणारा माणूस एक भाषा बोलत असतो तेव्हा दुसरी बंद नसते. विओरिका मारियन आणि मायकेल स्पिव्ही यांनी रशियन आणि इंग्रजी येणाऱ्यांवर प्रयोग केले होते. समोरच्या वस्तूंतून पोस्टाचे तिकीट उचलायला त्यांना रशियनमध्ये सांगितले. रशियनमध्ये तिकिटाला 'मार्का' म्हणतात. ऐकणाऱ्यांची नजर क्षणभर तिथेच ठेवलेल्या मार्कर पेनकडे जात होती. सूचना रशियनमध्ये होती, तरी इंग्रजी शब्द आत जागा झाला होता. म्हणजे बोलताना नको ती भाषा सतत दाबून धरावी लागते. डेव्हिड ग्रीन यांनी १९९८ मध्ये याच दाबून धरण्यावर आपली मांडणी उभी केली. त्यातून अपेक्षा अशी निर्माण झाली की दिवसभर हा सराव होत असेल, तर नको त्या गोष्टीकडे दुर्लक्ष करण्याची ताकदही वाढत असणार.

या विषयावरचे मत शंभर वर्षांत दोनदा उलटले आहे. १९२३ मध्ये वेल्समधल्या मुलांच्या चाचण्यांवरून दोन भाषांनी बुद्धी मागे पडते असा निष्कर्ष निघाला. १९६२ मध्ये माँट्रियलला पील आणि लँबर्ट यांनी दहा वर्षांची मुले तपासली, तेव्हा फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही येणारी मुले पुढे दिसली. पण त्यांनी दोन्ही भाषांत सारखीच पक्की असलेली मुलेच निवडली होती आणि अशी मुले मुळात हुशार असण्याची शक्यता जास्त. २००४ मध्ये एलन बायलिस्टोक आणि सहकाऱ्यांचा गाजलेला प्रयोग आला. चौकोन पडद्यावर डावीकडे दिसो की उजवीकडे, त्याच्या रंगाप्रमाणे ठरलेले बटण दाबायचे. द्विभाषिक, विशेषतः उतारवयातले, यात सरस ठरले. त्यातल्या एका भागात एकभाषिक गट कॅनडातला होता आणि द्विभाषिक गट भारतातल्या तमिळ-इंग्रजी लोकांचा. दोन देश, दोन जीवनपद्धती. फरक भाषेमुळेच पडला हे कशावरून?

मोठ्या संख्येने मोजल्यावर चित्र बदलले. स्पेनच्या बास्क आणि इतर भागांतल्या ५०४ मुलांत, निम्मी द्विभाषिक आणि निम्मी एकभाषिक, २०१४ मध्ये फरक दिसला नाही. २०१८ मध्ये लेहटोनेन आणि सहकाऱ्यांनी प्रौढांवरचे १५२ अभ्यास एकत्र केले. अनुकूल निकाल जास्त छापले जातात याची वजावट केल्यावर फायदा उरला नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ९ ते १० वर्षांच्या ४,५२४ मुलांतही तो सापडला नाही.

आणखी एक मुद्दा आपल्याकडे फार लागू पडतो. ग्रीन आणि आबुतालेबी यांनी २०१३ मध्ये असे मांडले की भाषा कशा वापरल्या जातात त्यावर नियंत्रणाचे काम ठरते. ऑफिसात फक्त इंग्रजी आणि घरी फक्त मराठी असेल, तर एक भाषा बराच वेळ दाबावी लागते. 'मीटिंग अटेंड केली, मग रिपोर्ट सबमिट केला' असे बोलताना काहीच दाबावे लागत नाही, हाताशी येईल तो शब्द चालतो. आपले शहरी बोलणे बहुतांशी या दुसऱ्या प्रकारचे आहे. त्यामुळे 'दोन भाषा येतात' एवढ्यावरून त्या माणसाच्या लक्षाबद्दल काहीच सांगता येत नाही.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा, इंग्रजी माध्यमात. वर्गात लक्ष नसते म्हणून एडीएचडीची (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता या विकाराची) शंका घेतली आहे आणि घरी फक्त इंग्रजी बोला असे शाळेने सुचवले आहे. घरात आजी-आजोबा आहेत, त्यांना इंग्रजी येत नाही. काय करावे? – पालक, चिंचवड

घरची मराठी बंद करू नका. दोन भाषांमुळे एडीएचडी होत नाही आणि एक भाषा काढून घेतल्याने तो कमी होत नाही. आजी-आजोबांशी बोलणे तुटेल, एवढाच परिणाम होईल आणि त्याची किंमत मुलाला मोजावी लागेल.

निदानाच्या निकषांत एक अट आहे : लक्षणे किमान सहा महिने असावीत आणि दोन किंवा अधिक ठिकाणी दिसावीत. ती इथे कामाची आहे. घरी मराठीत गोष्ट ऐकताना, पत्ते खेळताना, जेवताना तो टिकून बसतो का? तिथे सारे ठीक असेल आणि फक्त इंग्रजीच्या वर्गात मन उडत असेल, तर आधी शंका घ्यावी ती इंग्रजी समजण्याची. न समजणाऱ्या बोलण्याकडे कोणीही फार वेळ लक्ष देऊ शकत नाही.

घरी पडताळून पाहा. तीन टप्प्यांची सूचना मराठीत द्या : 'दप्तर खुर्चीवर ठेव, डबा ओट्यावर ठेव आणि निळी वही आण.' दुसऱ्या दिवशी तितकीच लांब, वेगळी सूचना इंग्रजीत. असे पाच-पाच वेळा करा आणि किती टप्पे पूर्ण झाले ते लिहून ठेवा. मराठीत बहुतेक जमते आणि इंग्रजीत निम्मेच, असे दिसले तर तो कागद तज्ज्ञांना दाखवा. दोन्हींत सारखेच सुटत असेल, तर लक्षाची रीतसर तपासणी लांबवू नका.

त्याआधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठते, ऐकू कमी येते आणि तेच 'लक्ष नाही' म्हणून समोर येते. भाषेची तपासणी करणारे स्पीच थेरपिस्ट मराठी आणि इंग्रजी दोन्हींत तपासतील हे आधी विचारून घ्या. एकाच भाषेतला शब्दसंग्रह मोजला तर द्विभाषिक मूल खोटेच मागे दिसते. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्थेत बोलणे आणि ऐकणे या दोन्हींची तपासणी होते.

एडीएचडी निघालाच, तरी सूचना देण्याची रीत सोपी आहे : नाव घेऊन नजर मिळवा, एका वेळी एकच सूचना द्या, ती मुलाच्या पक्क्या भाषेत द्या आणि एका सूचनेत दोन भाषा मिसळू नका.

प्रश्न : भाषा बदलताना मेंदूला वेळ लागतो म्हणतात. हे घरी मोजता येईल का? – अकरावीचे विद्यार्थी, कोल्हापूर

येईल आणि तुमच्या विज्ञान प्रकल्पाला हा विषय चांगला आहे. मूळ प्रयोग म्यूटर आणि ऑलपोर्ट यांचा, १९९९ चा. अंक दाखवायचे आणि मागच्या रंगावरून कोणत्या भाषेत म्हणायचे ते ठरवायचे. त्यांना संगणकावर एकेका अंकाला लागलेला वेळ मोजता आला. तुमच्याकडे मोबाइलचे स्टॉपवॉच आहे, म्हणून अख्ख्या कागदाचा वेळ घ्यायचा.

तीन कागद करा. प्रत्येकावर १ ते ९ मधले ३६ अंक, सहा ओळींत सहा-सहा, ठळक आणि मोठे. लागोपाठ तोच अंक येऊ देऊ नका. 'अ' कागदावर सगळे अंक निळे, ते मराठीत म्हणायचे. 'ब' वर सगळे नारिंगी, ते इंग्रजीत. 'क' वर १८ निळे आणि १८ नारिंगी. भाषा कधी बदलेल हे ओळखता येऊ नये म्हणून चिठ्ठ्या काढून रंग ठरवा. लाल-हिरवी जोडी घेऊ नका. काही मुलांना तो फरक दिसत नाही.

कागद दाखवण्याचा क्रम अ, ब, क, क, ब, अ असा ठेवा. सुरुवातीला अंग सैल नसते आणि शेवटी कंटाळा येतो. या क्रमाने दोन्हींचा भार तिन्ही कागदांवर बऱ्यापैकी सारखा पडतो. प्रत्येक कागदाच्या दोन वेळांची सरासरी काढा. मग क च्या वेळेतून अ आणि ब यांची सरासरी वजा करा आणि ३६ ने भागा. आले ते उत्तर म्हणजे मिश्र कागदावर एका अंकामागे पडलेला जादा भार. स्टॉपवॉच दाबण्यात पाव सेकंदाची चूक सहज होते, ती ३६ अंकांत वाटली गेल्यावर नगण्य उरते. एक-दोन अंकांवर मोजायला गेलात, तर हाती फक्त बोटाचा वेग येईल.

चुका बहुधा अशा होतात. एक, काही अंक देवनागरीत आणि काही इंग्रजी पद्धतीने (1, 2, 3) लिहिले जातात. मग लिपीच भाषा सुचवते आणि रंगाला काम उरत नाही. सगळे एकाच लिपीत लिहा. दुसरी चूक जास्त महत्त्वाची : कोणी वेग राखून चुकीच्या भाषेतले शब्द बोलत सुटतो, कोणी एकही चूक होऊ नये म्हणून सावकाश जातो. म्हणून वेळेशेजारी चुकांची संख्या लिहायलाच हवी. नुसत्या वेळेची तुलना फसवी ठरते. तिसरे, तोच कागद तिसऱ्या दिवशी दिलात तर अंकांचा क्रम पाठ झालेला असतो, तेव्हा नवा करा.

यातला सर्वांत रंजक भाग पुढे आहे. मित्राला 'क' कागदाची झेरॉक्स द्या आणि म्हणणारा जिथे अडखळेल तिथे टिंब करायला सांगा. मग मोजा : मराठीतून इंग्रजीत जाताना टिंबे जास्त पडली की इंग्रजीतून मराठीत येताना? म्यूटर आणि ऑलपोर्ट यांना दिसले की पक्क्या भाषेत परत येणे जास्त महाग पडते. कच्ची भाषा बोलायची तर पक्की भाषा जोर लावून दाबावी लागते आणि तितकी दाबलेली भाषा मोकळी व्हायला वेळ घेते. ज्यांच्या दोन्ही भाषा सारख्याच पक्क्या असतात त्यांच्यात हा फरक मिटतो, असे कोस्ता आणि सांतेस्तेबान यांना २००४ मध्ये आढळले. तुमच्या वर्गातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांची अंकांसाठी पक्की भाषा इंग्रजीच असू शकेल, तेव्हा त्यांची टिंबे उलटी पडतील. मराठी माध्यम आणि इंग्रजी माध्यम असे दोन गट करून हेच तपासा.

या आकड्यावरून कोणाची हुशारी ठरवू नका.

प्रश्न : मुलगी सेमी-इंग्रजीत, तिसरीला. आजी मराठीत पाढे घेते, शाळेत इंग्रजीत विचारतात. ती गोंधळते. एकच भाषा ठेवावी का? – पालक, जळगाव

आधी एक भाषा पक्की होऊ द्या, मग दुसरी जोडा. पाढे शब्दांच्या साखळीसारखे लक्षात राहतात, म्हणून ज्या भाषेत पाठ केले त्याच भाषेत पटकन आठवतात. स्पेल्के आणि त्सिव्किन यांनी २००१ मध्ये रशियन-इंग्रजी द्विभाषिकांना एका भाषेत नेमकी गणिते शिकवली. दुसऱ्या भाषेत विचारल्यावर ते मंदावले. अंदाजाने उत्तर द्यायचे असेल तिथे भाषेने फरक पडला नाही.

२ ते १० चे पाढे आजीच्या मराठीतच पुरे करा. न अडखळता, मधूनच कुठूनही विचारलेले सांगता आले की रोज पाच मिनिटे तेच पाढे इंग्रजीत घ्या. दोन्हींची तोंडओळख एकाच आठवड्यात नको.

तिचा गोंधळ पाढ्यांपेक्षा दोन अंकी संख्यांत असण्याची शक्यताही तपासा. त्रेचाळीस ऐकताना तीन आधी येतो, चाळीस नंतर. इंग्रजीत चाळीस आधी. जर्मन बोलणाऱ्या मुलांनाही एकक आधी ऐकू येतो आणि तीही ४३ चे ३४ लिहितात. काही मुले ऐकल्या क्रमाने लिहायला जातात : आधी उजवीकडे ३, मग डावीकडे जागा शोधून ४. ही सवय मोडा. संख्या पूर्ण ऐकायची, एकदा तोंडाने म्हणायची, मग डावीकडून लिहायची. रोज दहा संख्या, पाच मराठीत आणि पाच इंग्रजीत, उलटसुलट. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास यांचा सराव वेगळा घ्या. पन्नास कानावर पडताच हात ५ लिहून मोकळा होतो.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत. मुलगी चार वर्षांची, मराठी सगळे समजते पण उत्तर इंग्रजीत देते. रविवारच्या मराठी शाळेने काम होईल का? – आई

एकट्या शाळेने होणार नाही. मूल भाषा बोलेल की नुसती समजेल, हे ती किती तास कानावर पडते यावर बरेच ठरते. अमेरिकेतल्या स्पॅनिश-इंग्रजी बाळांच्या अभ्यासात, जागेपणीच्या वेळेच्या सुमारे पाचव्या भागापेक्षा कमी वेळ जी भाषा ऐकू येते, ती मुले बोलायला नाखूश दिसली. तुमच्या मुलीचा हिशोब करा. दिवसाला १२ तास जागी धरली तर आठवड्याचे ८४ तास, त्याचा पाचवा भाग म्हणजे साधारण १७. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा मोलाच्या आहेत, सोबती आणि लिपी तिथे मिळते, पण तिथला तास-दोन तासांचा वर्ग या १७ तासांत किती भर घालणार?

तास येतात ते रोजच्या कामांतून. सकाळचे आवरणे, गाडीतला प्रवास, जेवण, अंघोळ, झोपताना पुस्तक, असे रोज अडीच तास फक्त मराठीचे ठरवा. टीव्ही लावून ठेवला तर तो या हिशोबात धरू नका, लहान मूल समोरासमोरच्या बोलण्यातून शिकते. ती इंग्रजीत बोलली की रागावू नका, 'काय म्हणालीस?' असे सरळ विचारा किंवा तिचेच वाक्य मराठीत म्हणून संभाषण पुढे न्या. आणि तुम्ही दोघेही घरात मराठी बोलता का? आनिक दे हाऊवर यांनी बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या १,८९९ कुटुंबांची माहिती घेतली. दोन्ही पालक घरात अल्पसंख्य भाषा बोलतात तिथे मुले ती बोलण्याची शक्यता सर्वांत जास्त होती आणि दोघेही घरात बहुसंख्य भाषा वापरू लागले की ती घसरत होती.

प्रश्न : दिवसभर कॉलवर इंग्रजी, टीमशी हिंदी, घरी मराठी. संध्याकाळी डोके चालत नाही. हा भाषा बदलण्याचा थकवा का? – वाचक, ठाणे

भाषा बदलण्याचा भार मिलिसेकंदांचा असतो, त्याने संध्याकाळ बिघडत नाही. दमवते ते कच्च्या भाषेत, खरखरत्या आवाजात तासन् तास ऐकणे. शांत खोलीत दुसरी भाषा उत्तम समजणारी माणसेही गोंगाटात पहिल्या भाषेपेक्षा बरेच जास्त शब्द चुकवतात. लॅपटॉपच्या स्पीकरऐवजी दोन्ही कान झाकणारा हेडफोन घ्या, कॉलचा विषय आणि नावे आदल्या दिवशी लेखी मागा, बोललेले पडद्यावर लिहून दाखवणारी कॅप्शन सुरू ठेवता येत असतील तर ठेवा. जोडून दोन लांब कॉल घेऊ नका.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. विसरभोळेपणा टळावा म्हणून नवी भाषा शिकायचे म्हणतात. उपयोग होईल? – मुलगी, नाशिक

शिकू द्या, पण औषध म्हणून नको. या बाबतीतला सर्वांत महत्त्वाचा अभ्यास आपल्याच देशातला आहे. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादला स्मृतिभ्रंशाचे ६४८ रुग्ण पाहिले. त्यांतले ३९१ द्विभाषिक होते आणि त्यांच्यात आजाराची लक्षणे साडेचार वर्षे उशिरा सुरू झाली होती. हा अभ्यास २०१३ मध्ये आला. त्याआधी २००७ मध्ये टोरांटोतही चारेक वर्षांचा फरक दिसला होता, पण तिथले बरेच द्विभाषिक परदेशातून आलेले होते. हैदराबादेत ती अडचण नव्हती आणि निरक्षर लोकांतही फरक दिसला, म्हणून तो शिक्षणाचा परिणाम म्हणून बाजूला सारता येत नाही. दोनापेक्षा जास्त भाषांनी आणखी फायदा मात्र दिसला नाही.

आता दुसरी बाजू. हे सगळे दवाखान्यात आलेले लोक होते. निरोगी माणसांना आधी निवडून वर्षानुवर्षे त्यांच्या मागे राहिलेल्या अभ्यासांत द्विभाषिकांना हा आजार कमी होतो असे एकंदरीत दिसलेले नाही. आम्ही हैदराबादच्या निष्कर्षाला वजन देतो, पण तो आयुष्यभर दोन भाषांत जगलेल्यांचा आहे. ६८ व्या वर्षी सुरू केलेल्या वर्गाला तो लावता येत नाही.

वडिलांचा वेळ आणि पैसा आधी तिथे जावा जिथे पुरावा जास्त भक्कम आहे : श्रवणयंत्र लागत असेल तर ते, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, मोतीबिंदू, तंबाखू सोडणे, रोजचे चालणे. विसरणे सुरू झालेच असेल, तर बी-१२ आणि थायरॉइड तपासा. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणे नवे नाही आणि ते भरून काढता येते. मग भाषेचा वर्ग लावायचा असेल तर चार माणसे भेटतील असा निवडा.

प्रश्न : सोलापूरचे आमचे घर मूळचे तेलुगू. सासरे ७९ वर्षांचे, स्मृतिभ्रंशाचे निदान झाले आहे. आयुष्यभर उत्तम मराठी बोलले, आता मधूनच तेलुगूत बोलतात. नातवंडांना कळत नाही. त्यांना मराठीत बोलायला लावावे का? – सून

लावू नका. कोणाशी कोणती भाषा बोलायची हे ठरवणे हेही नियंत्रणाचेच काम आहे आणि या आजारात ते ढिले पडते. अनेकांच्या बाबतीत लहानपणची भाषा जास्त काळ हाताशी राहते. दुरुस्त करत राहिलात तर ते बोलणेच कमी करतील.

घरच्या सगळ्यांनी वीसेक तेलुगू शब्द शिकून घ्यावेत : पाणी, लघवी, दुखते, थंडी, भूक, औषध, झोप, बाहेर जायचे. देवनागरीत लिहून स्वयंपाकघरात लावा. त्यांच्याशी बोलताना एका वाक्यात एकच भाषा, आणि छोटे वाक्य. स्मरणशक्तीची पुढची तपासणी तेलुगू येणाऱ्या तज्ज्ञांकडे करा किंवा सोबत तेलुगू बोलणारे नातलग न्या. नातलगाने प्रश्न फक्त पोहोचवायचा, उत्तर सुचवायचे नाही.

हा बदल महिन्यांत हळूहळू होतो. एखाद्या दिवशी अचानक बोलणे तुटले, शब्द असंबद्ध झाले, तोंड वाकडे दिसले किंवा एक हात ढिला पडला, तर तो स्मृतिभ्रंश वाढला असे समजून थांबू नका. पक्षाघात असू शकतो, लगेच रुग्णालय गाठा. हातपाय ठीक आहेत पण एक-दोन दिवसांत गुंगी आणि भ्रम वाढला, तर लघवीतला संसर्ग किंवा रक्तातले सोडियम उतरणे हीही कारणे असतात. तेव्हाही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि आदल्या आठवड्यात कोणती नवी गोळी सुरू झाली ते लिहून न्या.